जुन्या फियाट आणि पद्मिनीचा कार्ब्युरेटर : बिघाड ओळखणे, खोलणे आणि पुन्हा जुळवणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती नेमक्या कोणत्या गाड्यांना लागू पडते?

कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेली फियाट ११०० डिलाइट, तिचेच पुढचे रूप असलेली प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने घराघरांत पोहोचलेली गाडी, या तिन्हींच्या बोनेटखाली १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन असते आणि बहुतेक गाड्यांवर सोलेक्स जातीचा, वरून खाली हवा घेणारा एकच कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते मिश्रण इंजिनाला देणारा भाग, बसवलेला असतो. खालची उत्तरे याच जोडीला समोर ठेवून लिहिली आहेत. तत्त्वे मात्र त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडतात. जुन्या मॉरिस, एमजी आणि काही ॲम्बॅसेडर गाड्यांवरचा एसयू कार्ब्युरेटर वेगळ्या पद्धतीने चालतो, म्हणून त्याचा विचार स्वतंत्र प्रश्नात केला आहे.

गाडी नीट चालत नाही. आधी कार्ब्युरेटर उघडावा का?

नाही. हे इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की, कार्ब्युरेटरच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी मोठा भाग प्रत्यक्षात इग्निशनचा, पेट्रोल पुरवठ्याचा किंवा कुठूनतरी आत शिरणाऱ्या जादा हवेचा असतो. कार्ब्युरेटर हाताशी असतो, वरून दिसतो आणि चार स्क्रू काढले की उघडतो, त्यामुळे पहिला हात त्यालाच लागतो. मग चांगला चाललेला कार्ब्युरेटर खोलून, गॅस्केट फाडून आणि स्क्रू फिरवून मूळ दोषात आणखी दोन दोषांची भर पडते.

म्हणून क्रम पाळावा. प्रथम टॅपेटची (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट आणि चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन पाहावे. त्यानंतर प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे संपर्क), कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासावे. पॉइंटचा गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर असतो आणि पॉइंटची टाच झिजली की तो आपोआप कमी होऊन टायमिंगही सरकते. कंडेन्सर अर्धवट गेलेला असेल तर गाडी गरम झाल्यावर मिसिंग करते, म्हणजे मधूनमधून ठोके चुकवते, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुतासारखी चालते. हे लक्षण हुबेहूब पेट्रोल कमी पडल्यासारखे दिसते आणि अनुभवी माणसालाही फसवते. इग्निशन निर्दोष आहे याची खात्री झाल्यावर टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पेट्रोलचा मार्ग पाहावा आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटरकडे वळावे.

आणखी एक ठोकताळा उपयोगी पडतो. दोष एकाएकी आला असेल तर विद्युत भाग किंवा जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी तुकड्यात) अडकलेला कचरा, आणि महिनोन् महिने हळूहळू वाढत गेला असेल तर झीज, असा पहिला अंदाज बांधावा. तो बहुतेक वेळा बरोबर येतो.

पेट्रोलचा पुरवठा पुरेसा आहे की नाही, हे कसे तपासावे?

इंजिनावरच्या यांत्रिक पंपाला, म्हणजे ज्याला आपले मेकॅनिक एसी पंप म्हणतात त्याला, कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडावा, इग्निशन कॉइलची तार सोडवून ठिणगी बंद करावी आणि सहकाऱ्याला स्टार्टर मारायला सांगावे. दर ठोक्याला पेट्रोलची भरीव धार यायला हवी. धारेत बुडबुडे येत असतील तर पंपाच्या अलीकडच्या पाइपात कुठेतरी हवा शिरते आहे. धार बारीक असेल तर पंपाच्या टोपीखालची जाळी, पंपाचा डायफ्राम आणि टाकीतली गाळणी पाहावी.

गाडी पंधरा-वीस मिनिटे छान चालून मग दम सोडत असेल, तर टाकीचे झाकण काढून पाहावे. झाकण काढताना फुस्स असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी पुन्हा चालू लागली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजलेले आहे एवढाच त्याचा अर्थ.

एसी पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवलेला असेल तर त्याचा दाब अवश्य तपासावा. या कार्ब्युरेटरला साधारण २ ते ४ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या कितीतरी पट दाब देतो आणि कार्ब्युरेटरच्या कटोरीत (पेट्रोल साठण्याच्या भांड्यात) पेट्रोल सोडणारा आणि थांबवणारा निडल व्हॉल्व्ह कितीही नवा असला तरी त्यापुढे टिकत नाही.

कुठून हवा खेचते का, हे शोधण्याची साधी रीत कोणती?

कार्ब्युरेटरच्या बुडाचे गॅस्केट, मॅनिफोल्डचे गॅस्केट, व्हॅक्यूमच्या नळीचे टोक आणि थ्रॉटलचा, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा, शाफ्ट या चार जागा संशयाच्या. इंजिन आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता मंद चालीवर) ठेवून तेलाच्या कुपीने या सांध्यांवर एक-एक थेंब पातळ तेल सोडावे. जिथे तेल पडल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो आणि थोड्याच वेळात सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तिथून हवा शिरते आहे. अनेक ठिकाणी यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारतात. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी तसे कधीही करू नये.

चोक ओढून ठेवला तरच गाडी चालते, सोडला की बंद पडते. असे का होते?

गरम इंजिन चोकवर चालते आणि चोकशिवाय बंद पडते याचा अर्थ मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि टाकीतल्या गंजाचा एक कणही ते बुजवायला पुरेसा होतो. पायलट जेट बाहेरून स्क्रूड्रायव्हरने काढता येतो, त्यामुळे अख्खा कार्ब्युरेटर न उतरवता हा दोष पाच मिनिटांत तपासता येतो. जेट स्वच्छ निघाला तर वर सांगितल्याप्रमाणे हवेची गळती शोधावी.

येथे एक बारकावा सांगायला हवा. ज्या सोलेक्सच्या नरड्यात (हवा आत घेणाऱ्या तोंडात) वरून पाहिल्यावर चोकची पाकळी दिसत नाही, त्यात थंड सुरुवातीसाठी बाजूला स्वतंत्र चकती असते. ती चकती ठरावीक स्थितीत स्वतःच्या जेटमधून वेगळे मिश्रण सोडते. अशा कार्ब्युरेटरमध्ये चोकची केबल पूर्ण परत गेली नाही तर पाकळी अर्धवट उघडी राहिल्यासारखे काही डोळ्यांना दिसत नाही, पण गाडी दिवसभर पेट्रोल पीत राहते. ॲव्हरेज अचानक घसरल्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीत प्रथम ही केबल पाहावी.

पिकअप देताना गाडी क्षणभर दचकते किंवा मरगळते. दोष कुठे असेल?

एअर क्लीनर काढून, इंजिन बंद ठेवून, नरड्यात पाहत ॲक्सिलरेटरचा लिव्हर हाताने झटकन फिरवावा. पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची सरळ, अखंड पिचकारी लगेच उडायला हवी. ती उशिरा आली, ओघळली किंवा आलीच नाही, तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम ताठर झाला आहे, किंवा त्याच्या वाटेतला चेंडूचा व्हॉल्व्ह चिकटला आहे, किंवा पिचकारीचे छिद्र बुजले आहे. डायफ्राम बदलताना जुना काढून उजेडात ताणून पाहावा. घडीच्या रेषेवर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात आणि तेवढ्यानेच पिचकारी मरते.

पिचकारी उत्तम असूनही गाडी दचकत असेल तर डिस्ट्रिब्युटरमधली ॲडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगी लवकर पाडणारी) वजने आणि स्प्रिंगा पाहाव्यात. वर्षानुवर्षे वंगण न मिळाल्याने ती जागच्या जागी गंजतात आणि दोष मात्र कार्ब्युरेटरच्या माथी येतो.

प्लगचा रंग पाहून काय समजते?

प्लग वाचायचा असेल तर गाडी मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर एका वेगाने चालवून, इंजिन आयडलिंगवर न येऊ देता बंद करून, प्लग काढावेत. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड, पांढुरका इन्सुलेटर म्हणजे पातळ आणि फिकट तपकिरी म्हणजे ठीक. काळा पण तेलकट ओला प्लग पेट्रोलचा दोष दाखवत नाही, तो पिस्टन रिंगांची किंवा व्हॉल्व्ह गाइडची झीज दाखवतो. चारपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर कार्ब्युरेटर निर्दोष समजावा, कारण तो चारही सिलिंडरांना एकच मिश्रण देतो.

खोलण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

जागा मोकळी आणि हवेशीर हवी. जवळ देवघरातला दिवा, गॅसची शेगडी, बिडी-सिगारेट किंवा ठिणगी टाकणारे ग्राइंडर चालू नको आणि हाताशी ड्राय पावडरचे अग्निशामक हवे. बॅटरीची तार काढून ठेवावी. बोनेटला पेट्रोलची बाटली टांगून तिच्यातून कार्ब्युरेटरला पेट्रोल देण्याची आणि तोंडाने नळी ओढून टाकीतले पेट्रोल काढण्याची आपल्याकडची पद्धत आता पूर्णपणे सोडून द्यावी. पहिलीने गाड्या पेटतात आणि दुसरीत फुप्फुसात पेट्रोल जाण्याचा धोका असतो.

प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे फिरतो हे मोजून लिहून ठेवावे, आणि हाताला तो बसल्याचे जाणवताच थांबावे. जोर लावला की त्याच्या टोकावर कडे उमटते आणि पुढे कितीही जुळवले तरी आयडलिंग स्थिर राहत नाही. प्रत्येक जेटचा क्रमांक आणि त्याची जागा वहीत नोंदवावी. जुन्या गाडीत कोणीतरी कधीतरी जेट बदललेले असतातच, त्यामुळे आज जे बसले आहे तेच मूळचे आहे असे गृहीत धरू नये.

जेट आणि आतल्या वाटा कशाने साफ कराव्यात?

तारेने करू नयेत. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे १२० क्रमांकाच्या जेटचे छिद्र १.२० मिमीचे असते आणि त्याच्या शेजारचा १२५ हा अवघा पाच शतांश मिलिमीटरने मोठा असतो. पितळ मऊ असल्याने स्टीलची तार किंवा पिन एकदा फिरवली तरी ओरखडा उठतो, छिद्राचा काठ बिघडतो आणि जेट आपल्या क्रमांकाशी प्रामाणिक राहत नाही. फारच घट्ट बसलेला चिकट थर असेल तर नायलॉनच्या ब्रशाचा एखादा केस किंवा माशाच्या गळाची बारीक नायलॉन दोरी वापरावी.

धातूचा मुख्य भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्याला ॲसिड, कॉस्टिक सोडा किंवा भांडी घासण्याची तीव्र रसायने लावली तर वरचा थर जाऊन तो पांढरट, भुसभुशीत होतो. कार्ब्युरेटर क्लीनरने किंवा रॉकेलाने भिजवून, मऊ ब्रशाने घासून, सर्व वाटांतून कॉम्प्रेसरची हवा सोडावी. हवा सोडण्याआधी फ्लोट (कटोरीत तरंगून निडल बंद करणारा पोकळ डबा), डायफ्राम आणि रबराचे सगळे भाग बाहेर काढलेले असावेत. अल्ट्रासोनिक टाकी मिळाली तर उत्तम, पण सौम्य द्रावण आणि थोडा वेळ एवढी मर्यादा पाळावी. साफ झाल्यावर प्रत्येक वाटेच्या एका टोकाने क्लीनर सोडून तो दुसऱ्या टोकाने खरोखर बाहेर येतो का, हे डोळ्यांनी पाहावे. जी वाट बोलत नाही ती अजून साफ झालेली नाही.

कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओव्हरफ्लो होते. निडल बदलली तरी थांबत नाही. आता काय?

निडल व्हॉल्व्ह बदलणे हा नेहमीचा पहिला उपाय आणि बऱ्याचदा तो पुरतोही. वरचे झाकण उलटे धरून, फ्लोटच्या हाताने (दांडीने) निडल दाबलेली असताना, पेट्रोलच्या तोंडातून स्वच्छ नळीने हलके फुंकून पाहावे. हवा पार गेली तर व्हॉल्व्ह धरत नाही. मात्र नवी निडल टाकूनही ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटकडे लक्ष द्यावे.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल शिरले असेल तर खुळखुळ ऐकू येते. निश्चित खात्रीसाठी शेगडीवरून उतरवून उघड्यावर आणलेल्या कडक गरम पाण्यात तो चिमट्याने बुडवावा. आतली हवा फुगून फटीतून बाहेर पडते आणि बुडबुड्यांची बारीक माळ नेमकी कुठून उठते ते दिसते, बहुधा दोन अर्ध्या वाट्यांच्या जोडावर किंवा फ्लोटच्या दांडीच्या डागाशी. तिथे टोकदार वस्तूने खूण करावी. आत शिरलेले पेट्रोल काढण्यासाठी दुसऱ्या बाजूला एक बारीक छिद्र पाडावे, फ्लोट पूर्ण रिकामा करून दोन-तीन दिवस उघड्यावर वाळू द्यावा आणि वासही राहिला नाही याची खात्री झाल्यावरच विजेच्या सोल्डरिंग आयर्नने डाग द्यावा. ज्योत किंवा ब्लो-लॅम्प फ्लोटच्या जवळही नेऊ नये, कारण आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

डाग द्यावा तो अगदी थोड्या कथिलाचा. फ्लोट जड झाला की तो पेट्रोलमध्ये खोल बसतो, निडल उशिरा बंद होते, कटोरीतली पातळी वाढते आणि दुरुस्त करूनही ओव्हरफ्लो कायम राहतो. सोन्याच्या दुकानात मिळते तशा नाजूक तराजूवर आधीचे आणि नंतरचे वजन पाहिले, तर ही चूक घरीच पकडता येते.

फ्लोटची पातळी सोलेक्समध्ये कशी बदलतात?

फ्लोटचा हात वाकवून नव्हे. निडल व्हॉल्व्हच्या खाली जो वॉशर असतो त्याची जाडी हीच पातळी ठरवते. व्हॉल्व्ह वरच्या झाकणात उलटा बसलेला असल्याने जाड वॉशर टाकला की तो खाली सरकतो, फ्लोट लवकर निडल बंद करतो आणि पातळी उतरते. पातळ वॉशर टाकला की ती चढते. म्हणून व्हॉल्व्ह बदलताना जुना वॉशर फेकून द्यायचा तर आधी त्याची जाडी मोजावी. एकावर एक दोन वॉशर चढलेले आढळले तर पूर्वी कोणीतरी ओव्हरफ्लो दाबून टाकला आहे असे समजावे.

नवे रिपेअर किट टाकूनही आयडलिंग वर-खाली होते. किट खराब निघाले का?

बहुधा नाही. या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आवश्यक आहे, कारण जुन्या कार्ब्युरेटरचा खरा आजार येथेच असतो आणि किटमध्ये त्याचे औषध नसते.

थ्रॉटलचा शाफ्ट ॲक्सिलरेटरच्या प्रत्येक दाबाबरोबर फिरतो आणि परतीची स्प्रिंग त्याला सतत एका बाजूला ओढत राहते. चाळीस-पन्नास वर्षांत शाफ्ट आणि त्याचे भोक, दोन्ही त्या बाजूने झिजतात व भोक अंडाकृती होते. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असताना खालची ओढ सर्वांत तीव्र असते, नेमकी तेव्हाच या फटीतून हवा आत जाते, आणि शाफ्ट दर वेळी वेगळ्या जागी टेकत असल्याने ती हवा दर वेळी वेगळी असते. मेकॅनिक स्क्रू फिरवून आयडलिंग लावतो, मालक फाटकाबाहेर पडून परत येईपर्यंत ते बदललेले असते.

तपासणी सोपी आहे. लिव्हर धरून शाफ्ट वर-खाली हलवावा. स्पष्ट टकटक जाणवली तर शाफ्ट गेला. मग थ्रॉटल बंद करून कार्ब्युरेटर उजेडाकडे धरून पाहावा. चकतीभोवती सर्वत्र सारखी बारीक रेषा दिसली तर ठीक, एका बाजूला चंद्रकोरीएवढा उजेड दिसला तर चकती मध्यावर बसत नाही.

दुरुस्ती चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्यावी. चकतीच्या दोन स्क्रूंची टोके कारखान्यात ठोकून पसरवलेली असतात. ती कानशीने घासल्याशिवाय स्क्रू फिरवले तर ते तुटतात किंवा शाफ्टचे आटे ओरबाडून निघतात. चकतीच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, म्हणून काढण्यापूर्वी तिची वरची आणि बाहेरची बाजू खुणेने ठरवून ठेवावी. दोन्ही बाजूंची भोके एकाच रेषेत रीमर फिरवून मोठी करावीत, त्यांत ब्राँझचे बुश दाबून बसवावेत आणि नव्या किंवा घासून नीट केलेल्या शाफ्टच्या मापाने ते पुन्हा एकाच रेषेत रीम करावेत. जुळवताना चकतीचे स्क्रू सैल ठेवून थ्रॉटल दोन-चार वेळा झटक्याने बंद करावा, म्हणजे चकती स्वतःच मध्यावर बसते, आणि त्यानंतर स्क्रू आवळून त्यांची टोके आधार देऊन हलकेच पुन्हा पसरवावीत. हे पसरवणे टाळू नये. सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो आणि पिस्टन, व्हॉल्व्ह या दोघांचे नुकसान करतो.

झाकणाच्या आणि बुडाच्या सांध्यातून पेट्रोल किंवा हवा गळते. सिलिकॉन लावावे का?

कार्ब्युरेटरवर सिलिकॉन कधीही लावू नये. पेट्रोलने ते फुगते, त्याचे तुकडे सुटतात आणि जेटमध्ये जाऊन बसतात. गळतीचे कारण बहुधा वाकलेली बुडाची पट्टी असते. बुडाचे नट जास्त आवळल्याने दोन कान (नट बसतात त्या बाजू) खाली वाकतात आणि मधला भाग उचलला जातो. जाड काचेवर बारीक एमरी पेपर पसरून, त्यावर पट्टी आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासावी. सुरुवातीला फक्त कानांशी चमक दिसते आणि हळूहळू ती सगळीकडे पसरते. ती सलग झाली की थांबावे.

आयडलिंग लावण्याची बरोबर पद्धत कोणती?

इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण आत, एअर क्लीनर जागेवर. स्लो स्क्रूने (थ्रॉटल किती उघडा राहील हे ठरवणाऱ्या स्क्रूने) इंजिन नेहमीपेक्षा किंचित वेगात ठेवावे. मिश्रणाचा स्क्रू सुमारे दीड फेरा उघडलेल्या स्थितीतून सुरू करून, पाव-पाव फेऱ्याने फिरवत, इंजिन सर्वाधिक वेगात आणि एकसारखे चालेल ती जागा शोधावी. वेग वाढला असेल तर स्लो स्क्रूने खाली आणावा आणि पुन्हा मिश्रण पाहावे. दोन-तीन वेळा असे केल्यावर ७०० ते ८०० आरपीएमच्या दरम्यान इंजिन शांत बसते. या सोलेक्समध्ये स्क्रू आत नेला की मिश्रण पातळ होते. काही इतर कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू हवेचा असतो आणि तिथे परिणाम उलटा मिळतो. स्क्रू पूर्ण आत नेला तरी इंजिन बंद पडत नसेल, तर पेट्रोल दुसऱ्या वाटेने येते आहे. अशा वेळी ट्यूनिंग थांबवून ती वाट शोधावी.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या कार्ब्युरेटरचे काय होते?

देशात ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि आता ते सर्वत्र मिळते. जुन्या गाडीच्या दृष्टीने त्याचे परिणाम खरे आहेत, पण ते आटोक्यात ठेवता येतात.

पहिला परिणाम रबरावर होतो. जुने पाइप, पंपाचा डायफ्राम आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम फुगतात किंवा चिरतात. ते इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचेच घ्यावेत आणि पाइप घेताना व्हायटॉनचे (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे) अस्तर मागून घ्यावे. दुसरा परिणाम पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि कटोरीत जस्ताची पांढरी भुकटी धरते. तिसरा परिणाम मिश्रणावर होतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई-२० ला हिशेबाने सुमारे १३.५. जेट तोच ठेवला तर मिश्रण साधारण ८ टक्के पातळ पडते.

समजा गाडीत १२० चा मेन जेट (रस्त्यावरच्या वेगाला पेट्रोल देणारा) आहे. त्याऐवजी १२५ टाकला तर छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे एका पायरीतच ही तूट भरून निघते. तरीही प्लग पांढुरके दिसत असतील आणि गाडी चढावर ओढत नसेल तरच जेट बदलावा. पूर्वीपासून जाड मिश्रणावर चालणाऱ्या गाडीला काही करावे लागत नाही. नव्या पेट्रोलवर गेल्यानंतर टाकीतला जुना थर सुटून येतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत फिल्टर लवकर लवकर पाहावा.

उन्हाळ्यात गाडी थांबवल्यावर पुन्हा सुरू होत नाही, आणि घाट चढताना सुस्तावते. उपाय काय?

इंजिन बंद केल्यावर पंप आणि पंखा थांबतात, पण मॅनिफोल्डची उष्णता वर चढत राहते आणि कटोरीतले पेट्रोल उकळून नरड्यात सांडते. अशा वेळी ॲक्सिलरेटर वारंवार मारू नये. तो तळापर्यंत दाबून धरावा आणि स्टार्टर मारावा, म्हणजे जादा हवा जाऊन मिश्रण मोकळे होते. कायमचा उपाय म्हणजे कार्ब्युरेटरखालची बेकलाइटची जाड पट्टी. पुष्कळ गाड्यांत ती तडकल्यावर फेकून दिली गेली आहे आणि नुसते कागदी गॅस्केट उरले आहे. विदर्भातल्या उन्हात तिच्याशिवाय गाडी चालवणे म्हणजे रोजची कटकट.

घाटाची गोष्ट वेगळी. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण आठव्या हिश्शाने कमी असते. त्यामुळे मिश्रण किंचित जाड होते आणि ताकदही तेवढी उतरते. दोन दिवसांच्या सहलीसाठी जेट बदलू नयेत. परत वाईला उतरल्यावर गाडी आपोआप ठीक चालते.

एसयू कार्ब्युरेटरमध्ये वेगळे काय पाहावे?

त्यात एक पिस्टन हवेच्या ओढीने वर-खाली होतो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमध्ये सरकते आणि सर्व वेगांना हाच एक जेट पुरतो. पिस्टन हाताने उचलून सोडल्यावर तो खाली स्पष्ट टक् असा आवाज करून बसला पाहिजे. अडखळत असेल तर जेट मध्यावर नाही किंवा सुई वाकली आहे. वरच्या नळीतला दट्ट्या काढून तेल पाहावे. तिथे तेल नसेल तर पिकअपला गाडी दचकते, आणि साधे २० ग्रेडचे तेल हा दोष क्षणात दूर करते.

मिश्रण तपासण्यासाठी बाजूची पिन दाबून पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलावा. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन बंद पडू लागले तर पातळ, आणि वेग क्षणभर वाढून पुन्हा स्थिरावला तर बरोबर.

जुना कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या गाडीचा नवा बसवणे सोपे नाही का?

बसतो, चालतोही, पण माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. दुसऱ्या इंजिनासाठी ठरवलेले व्हेंच्युरी (नरड्यातला अरुंद भाग) आणि जेट या इंजिनाला जुळत नाहीत, जोडपट्टी बनवावी लागते, केबल आणि एअर क्लीनर बदलावे लागतात आणि शेवटी आयडलिंगला बरी व रस्त्यावर मंद अशी गाडी हाती येते. शिवाय जुलै २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा क्रमांक मिळवायचा असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. मूळ कार्ब्युरेटर जपण्याला त्यामुळे कागदोपत्रीही महत्त्व आले आहे.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर अधिकृतपणे निघून गेली आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिकही कमी होत चालले आहेत. सुटे भाग मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत शोधले तर अजून मिळतात. जुना कार्ब्युरेटर विकत घेताना जेट आहेत की नाहीत हे पाहण्याआधी शाफ्ट हलवून पाहावा आणि बुडाचे कान सरळ आहेत का ते पाहावे. जेट नवे मिळतात, तडकलेला सांगाडा दुरुस्त होत नाही.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार आहे. कार्ब्युरेटरसाठी काय करावे?

टाकीकडून पंपाला येणारा पेट्रोलचा पाइप काढून, त्याचे तोंड बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलिंगवर चालवावे, म्हणजे कटोरी जवळपास रिकामी होते. तळाला उरलेले पेट्रोल झाकण काढून स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने टिपून घ्यावे. पावसाळा पुढे असेल तर टाकी अर्धी न ठेवता काठोकाठ भरावी, म्हणजे आत ओलसर हवेला जागा उरत नाही. पुन्हा सुरू करण्याच्या दिवशी फिल्टर बदलावा, पाइप जोडून एसी पंपाच्या हाताने कटोरी भरावी आणि सांध्यांवर बोट फिरवून ओल लागत नाही ना हे पाहिल्यानंतरच स्टार्टर मारावा.